मंगळ जवळ, साउंडबार लांब

बेंगळुरूपासून साधारण चाळीस किलोमीटरवर ब्यालाळू नावाचं खेडं आहे. तिथे इस्रोची ३२ मीटर व्यासाची डिश आभाळाकडे तोंड करून उभी असते. शेजारी १८ मीटरची तिची धाकटी बहीण. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटरवर होतं. तिथून निघालेली रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने धावत असूनही इथे पोचायला साडेबारा मिनिटं घ्यायची. तरीही ही बोलणी पुढे साडेसात वर्षं चालली. यानाचा संवाद होता एस-बँडमध्ये, २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास.

आता त्याच बेंगळुरूत, बेलंदूर किंवा व्हाइटफील्डमधल्या एखाद्या चौदा मजली इमारतीच्या दिवाणखान्यात या. टीव्ही भिंतीवर, साउंडबार नाहीतर आजोबांचा हेडफोन तीन मीटरवर. या दोघांची बोलणी चालतात ब्लूटूथवरून, २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे मंगळयानाच्या अगदी शेजारच्या पट्ट्यात. अंतर मंगळाच्या मानाने जवळपास साडेसात हजार कोटी पटींनी कमी. आणि तरी ऐन संवादात आवाज तुटतो, ओठ हलल्यावर शब्द येतात, नाहीतर कालपर्यंत गुण्यागोविंदाने नांदणारा हेडफोन आज टीव्हीला ओळखच दाखवत नाही.

बरं, हे घडतं तेही अशा शहरात, जिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्येच आपलं संशोधन केंद्र उघडलं, जिथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या माइंडट्रीने ब्लूटूथचं सॉफ्टवेअर लिहून जगभरच्या कंपन्यांना दिलं, आणि जिथे सॅमसंग, एलजी, सोनी यांची मोठी सॉफ्टवेअर केंद्रं आहेत. दिव्याखाली अंधार म्हणून हसण्यावारी नेता येईल, पण कारण वेगळं आहे. तीन मीटर ही अडचणच नाही. अडचण आहे गर्दीची आणि वेळेच्या हिशेबाची. एकदा आकडे डोळ्यांखालून घातले, की टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेमकं काय चाचपायचं ते आपोआप कळतं.

अडीच मिलिवॅट

टीव्हीच्या पोटातला ब्लूटूथ ट्रान्समीटर अडीच मिलिवॅटच्या आसपासचा असतो. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा त्याच्या ३,६०० पट ताकदीचा. ही अडीच मिलिवॅटची पुंजीही चहूकडे उधळली जाते. तीन मीटरवरच्या हेडफोनच्या नखाएवढ्या अँटेनाच्या वाट्याला तिचा साधारण एक लाखावा भाग येतो: २५ अब्जांश वॅट.

ऐकायला हे दरिद्री वाटतं, पण आजकालच्या बऱ्यापैकी रिसीव्हरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग मिळाला तरी पुरतो. म्हणजे तीन मीटरवर गरजेच्या २५,००० पट सिग्नल हजर असतो. मध्ये माणूस येऊन उभा राहिला तर? आपल्या शरीरात साठ टक्के पाणी, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. समजा शंभरातले नव्व्याण्णव भाग त्याने गिळले, तरी गरजेच्या अडीचशे पट शिल्लक उरतो. सळ्यांची काँक्रीटची भिंत आडवी आली तर मात्र गणित बिघडायला लागतं. एकाच खोलीत असताना हेडफोन टीव्हीच्या आणखी जवळ नेण्याचा खटाटोप म्हणूनच सहसा वाया जातो.

याला एक मजेदार अपवाद आहे. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या आसपास. खोलीत ती थेटही येते आणि भिंत, कपाट, आरसा, फ्रिज यांच्यावर आपटूनही येते. कुठे दोन्ही लहरी एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींचा काटा काढतात. काटा काढण्याच्या या जागा साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर असू शकतात. साउंडबारचं तोंड नेमकं अशा जागी आलं असेल, तर उपाय आहे तो चार बोटं डावी-उजवीकडे सरकवणं. सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी हे करून पाहायला काहीच हरकत नाही.

७९ चॅनेल, १६०० उड्या

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मुळात कुणाला बोलण्यासाठी दिलेलाच नव्हता. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले. मायक्रोवेव्ह भट्टी तिथे बसली. या गोंगाटात कोण बोलणार, म्हणून पट्टा पडीक राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेने तो विनापरवाना संदेशवहनाला खुला केला. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. हा पट्टा त्यातून मोकळा झाला तो जानेवारी २००५ च्या नियमांनी. २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ, एकूण साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झची ही पट्टी. वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस, काही खेळण्यांचे रिमोट, बेबी मॉनिटर, ओव्हन, सगळ्यांची बिऱ्हाडं तिथेच.

मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी ब्लूटूथची संघटना काढली. गर्दीत टिकायची त्यांची युक्ती साधी होती: एका जागी उभंच राहायचं नाही. पट्टीचे ७९ चॅनेल पाडायचे आणि सेकंदाला १,६०० वेळा या चॅनेलवरून त्या चॅनेलवर उडी मारायची. एका मुक्कामाला मिळतात ६२५ मायक्रोसेकंद. माणसाची पापणी एकदा लवेपर्यंत दीडशेहून जास्त मुक्काम उरकतात. कोणत्या क्षणी कुठे उडी मारायची, हे टीव्ही आणि हेडफोन दोघांनाही आधीच ठाऊक असतं. २००३ च्या आवृत्तीपासून तर गर्दीचे चॅनेल ओळखून ते टाळण्याचं शहाणपणही आलं.

मग घोडं पेंड कुठे खातं? वायफायचा एक चॅनेल वीस मेगाहर्ट्झ रुंद. तो ब्लूटूथचे एकवीस चॅनेल एका घासात गिळतो. एकमेकांवर न चढणारे वायफायचे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत हे तिन्ही भरले की ब्लूटूथच्या ७९पैकी ६३ गेले, उरले १६. आणि नियम असा, की उड्यांसाठी किमान २० चॅनेल हवेतच. म्हणजे चार चॅनेल तरी जाणूनबुजून गर्दीतले घ्यावे लागतात. त्यात वायफायच्या राउटरची ताकद बहुधा शंभर मिलिवॅटची, ब्लूटूथच्या चाळीसपट.

हिशेबासाठी ती चौदा मजली इमारत घेऊ. मजल्यावर चार घरं. तुमच्या मजल्यावरचे तीन शेजारी, वरचे चार, खालचे चार आणि तुम्ही स्वतः, अशी बारा घरं एकमेकांच्या कानाशी. घरटी राउटर, टीव्ही, फोन, लॅपटॉप, घड्याळं, इअरबड्स, स्मार्ट दिवे मिळून बारा वस्तू धरल्या तर १४४ जण साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झमध्ये दाटीवाटीने बसलेले. जगात दर वर्षी ब्लूटूथची सुमारे ५०० कोटी उपकरणं बाजारात येतात, म्हणजे दर सेकंदाला दीडशेहून जास्त. पट्टी मात्र तेवढीच.

यातलं कुणी काही काम करत नसलं तरी गोंगाट थांबत नाही. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव पुकारतो. फोनवर वायफायची यादी उघडल्यावर तीस नावं दिसली, तर एका चॅनेलच्या वाट्याला दहा राउटर आले. जुन्या उपकरणांनाही कळावं म्हणून हा पुकारा बऱ्याचदा सावकाश, सेकंदाला एक मेगाबिटच्या चालीने होतो. तीनशे बाइटचा एक पुकारा २.४ मिलिसेकंद खातो. दहा राउटर, दहा पुकारे, २.४ मिलिसेकंद: दर सेकंदातला जवळजवळ पाव सेकंद नुसता हजेरी देण्यात गेला. कुणी अजून एक बाइटही कामाचा पाठवलेला नाही.

संध्याकाळी सात वाजता बेंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकात तुमच्या गाडीचं इंजिन किती ताकदीचं आहे याला काही अर्थ नसतो, तसंच हे. सिग्नलचे पाचही दांडे पूर्ण भरलेले आणि आवाज तुटका, याचं कोडं इथे सुटतं.

खरं तर आवाजाची मागणी माफक आहे. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन बाजू: १४,११,२०० बिट. ब्लूटूथची एसबीसी ही नेहमीची पद्धत तो दाबून सव्वातीन लाखांच्या आसपास आणते. दोन मेगाबिटच्या चालीने पाठवला, तर सेकंदाला सुमारे साठ मोठी पॅकेटं लागतात, आणि पोच धरून प्रत्येकाला पावणेचार मिलिसेकंद. एकूण साधारण पाव सेकंद. हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवायला पाऊण सेकंद शिल्लक.

याच हिशेबात स्वयंपाकघरातला ओव्हन घाला. आठशे वॅटचा ओव्हन ब्लूटूथच्या सव्वातीन लाख पट ताकदीचा; त्यातला दहाहजारावा भाग फटीतून बाहेर आला, तरी तो टीव्हीच्या तीसपट. पण साधा, इन्व्हर्टर नसलेला ओव्हन विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर चालतो: साधारण दहा मिलिसेकंद चालू, दहा मिलिसेकंद बंद. बंद अवधीत ब्लूटूथची दोन पॅकेटं मावतात. सेकंदाला असे पन्नास अवधी, म्हणजे शंभर पॅकेटं, लागतात साठ. ओव्हन एकटा असेल तर आवाज तग धरतो. ओव्हन, शेजाऱ्यांचे पुकारे आणि वर तुमचाच चित्रपट वायफायवरून उतरतोय, असं सगळं एकत्र आलं की शंभराचे साठ आणि साठाचे चाळीस होतात. हेडफोनमध्ये फार तर पाव सेकंदाचा आवाज साठवलेला असतो. तो संपला की शांतता.

यातला शेवटचा गुन्हेगार घरातलाच, आणि सगळ्यात मोठा. पुष्कळ टीव्हींमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि आळीपाळीने बोलतात. फोर-के चित्राला सेकंदाला पंधरा ते पंचवीस मेगाबिट लागतात, आवाजाच्या पन्नास-पाऊणशे पट. दोघेही २.४ वर असतील तर आवाजाला उरल्यासुरल्या फटीतून वाट काढावी लागते. म्हणून तुटणाऱ्या आवाजावर पहिला उपाय ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये नाहीच. तो वायफायच्या सेटिंगमध्ये आहे. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर न्या. २०१८ पासून भारतात त्या बाजूला ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे आहेत, २.४ च्या सातपट. राउटर टीव्हीजवळ असेल तर सरळ लॅनची केबल लावा. मग टीव्हीच्या मागे हात घाला: यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली आहे का? तिच्या तारेतून सांडणारा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलं आहे. एचडीएमआयला लावलेली स्ट्रीमिंग स्टिकही पत्र्याच्या आडोशाला दडपलेली असते. तिला वीतभर लांबीचा एक्स्टेन्डर जोडला की तिला मोकळी हवा मिळते.

बैलगाडीचं शास्त्र

ब्यालाळूला मंगळयान ऐकू यायचं याचं श्रेय ३२ मीटरच्या डिशला आहेच, पण तेवढंच जागेलाही आहे. ही जागा बशीसारखी खोलगट. भोवतालचा चढ शहराचा रेडिओगोंगाट अडवतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस डिश पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, त्याही रेडिओच्या दृष्टीने शांत जागा हुडकूनच. अब्जावधी प्रकाशवर्षांवरचं ऐकायचं तर आधी शेजार गप्प हवा.

बेंगळुरूने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. १९८१ मध्ये भारताचा ‘ॲपल’ हा दळणवळण उपग्रह तयार होत होता. त्याच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर आणि आजूबाजूला धातू नसताना घ्यायची होती. ट्रकचा पत्रा मोजमाप बिघडवणार. तेव्हा शास्त्रज्ञांनी लाकडी बैलगाडी आणली आणि उपग्रह तिच्यावर चढवला. ते छायाचित्र पुढे गरीब देशाच्या अंतराळ कार्यक्रमाचं प्रतीक म्हणून जगभर फिरलं. खरं तर ती बाब शुद्ध तांत्रिक होती. १९ जून १९८१ रोजी एरियान रॉकेटवरून ‘ॲपल’ अवकाशात गेला.

घरच्या दुरुस्तीत हीच पद्धत चालते: आधी शंकेच्या सगळ्या वस्तू बाजूला करायच्या, मग एकेक परत आणायची. ओव्हन बंद, हार्ड डिस्क काढलेली, राउटरचं २.४ दोन मिनिटं बंद, फोनचं ब्लूटूथ बंद. आवाज नितळ झाला? मग एकेक चालू करत जा. ज्याच्या पायगुणाने तुटायला लागेल तो चोर. एकदम पाच सेटिंग बदलली तर आवाज सुधारेल कदाचित, पण कशाने सुधारला हे कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अडुसष्ट मीटर

आता वेगळी तक्रार. आवाज तुटत नाही, पण मागून येतो. साताऱ्याहून लेकीकडे आलेले आजोबा हेडफोन लावून सामना बघतायत.

“अगं, चेंडू सीमेपार गेला, आणि बॅटीचा आवाज आत्ता येतोय!”

“आजोबा, थांबा, सेटिंगमध्ये बघते. तुमच्या कानांचा दोष नाही तो.”

नातीचं खरं आहे. एसबीसीने जोडलेल्या हेडफोनला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. मधला २०० धरू. ध्वनी हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. २०० मिलिसेकंदांत जवळपास ६८ मीटर. म्हणजे चित्र तीन मीटरवर आणि आवाज ६८ मीटरवरून. चिन्नास्वामी स्टेडियममध्ये खेळपट्टीपासून तेवढ्या अंतरावर बसलेल्या प्रेक्षकालाही बॅटीचा आवाज इतकाच उशिरा ऐकू येतो, पण त्याचं त्याला काही वाटत नाही, कारण फलंदाज त्याला लांब दिसत असतो. घरात फलंदाजाचा चेहरा हातभर मोठा दिसतो आणि मेंदू हा उशीर मान्य करत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने याच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांपर्यंत असेल तर सहसा लक्षात येत नाही. १८५ पर्यंत खपवून घेता येतो. उलट, आवाज चित्राच्या पुढे धावला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. उलटं कधी घडतच नाही, म्हणून त्या बाजूला आपण इतके हळवे.

हा उशीर जातो कुठे? लहरीच्या प्रवासात नक्कीच नाही. टीव्हीपासून हेडफोनपर्यंतचे तीन मीटर लहर एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात कापते. एकूण उशिराचा हा दोन कोटीवा हिस्सा. उरलेल्या वेळात तीच लहर साठ हजार किलोमीटर गेली असती, पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून. उशीर होतो तो दोन्ही टोकांच्या कारकुनीत: आवाजाचे नमुने १२८-१२८च्या गठ्ठ्यांत बांधा, दाबा, पॅकेटात भरा, तिकडे उलगडा, आणि तुटू नये म्हणून थोडा साठा करून ठेवा. सगळ्यात जास्त वेळ या साठ्याचा. साठा मोठा ठेवला तर आवाज तुटत नाही पण मागे पडतो. लहान ठेवला तर वेळेवर येतो पण तुटतो. गर्दी आणि उशीर ही दोन दुखणी अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. गर्दी कमी केली की छोटा साठाही पुरतो.

म्हणून टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ शोधा. इथे गफलत होते ती अशी, की डिले वाढवला तर आवाज आणखी मागे जातो. ब्लूटूथला हवं असतं उलट: चित्र थांबवणं. त्यासाठी आकडा शून्याच्या खाली नेता येतो का पाहा, किंवा हेडफोनचा उशीर टीव्हीनेच विचारून घेण्याची सोय चालू करा. आणि चित्र ‘गेम मोड’वर तर नाही ना? त्या मोडमध्ये टीव्ही चित्रावरचे संस्कार टाळून ते झटपट दाखवतो, त्यामुळे आवाजाचा उशीर अनेकदा जास्तच उघडा पडतो.

चित्रपट सुरू होताना सगळं जुळलेलं आणि शेवटाकडे बिघडलेलं, असंही होतं. प्रत्येक ब्लूटूथ चिपमधलं स्फटिकाचं घड्याळ दहा लाखांत वीस इतकं मागेपुढे चालेल याला मुभा आहे. टीव्हीचं वीसने पुढे, हेडफोनचं वीसने मागे, म्हणजे फरक चाळीसचा. तीन तासांच्या चित्रपटात तो साठत जाऊन ०.४३ सेकंद होतो. चांगला हेडफोन आवाज किंचित ताणून-आखडून हे परस्पर निस्तरतो. तुमचा निस्तरत नसेल तर मध्यंतराला जोडणी तोडून पुन्हा जोडा.

परार्ध गुणिले परार्ध

तिसरी तक्रार सगळ्यात चिडवणारी: यादीत नाव दिसतं, पण जोडलं जात नाही. पेअर करताना दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि आपापल्या स्मरणात ठेवतात. किल्ली १२८ बिटची. शक्य किल्ल्या किती? ३४ वर ३७ शून्यं. आपल्या गणितात परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. परार्धाला परार्धाने गुणा आणि आलेल्या संख्येची चौतीस हजार पट करा, म्हणजे तिथवर पोचाल.

एवढ्या किल्ल्यांतून चुकून बरोबर किल्ली लागण्याचा संभव शून्यच. टीव्हीच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये त्याच्याकडची किल्ली पुसली गेली आणि हेडफोनकडे जुनीच राहिली, तर हेडफोन टीव्हीला भामटा समजतो आणि दार उघडत नाही. टीव्हीवरून ‘फर्गेट’ करून पुन्हा पेअर करण्यात पुष्कळांचा वेळ जातो, आणि पुष्कळदा ते फसतं, कारण काम अर्धंच झालेलं असतं. किल्ली दोन्हीकडून पुसायला हवी. हेडफोनवरचं बटण पुस्तिकेत सांगितलंय तेवढा वेळ दाबून त्याचीही पाटी कोरी करा. हेडफोनच्या यादीलाही मर्यादा असते. घरातल्या सगळ्यांचे फोन जोडून झाले की जुन्यातला जुना सोबती गळतो, आणि तो बहुधा टीव्हीच निघतो. त्याच वेळी बाजूच्या खोलीतला फोन हेडफोनला परस्पर पळवत असेल, तर त्याचं ब्लूटूथ आधी बंद करा.

मग ‘शोधा’ दाबल्यावर थोडा धीर धरा. शोधताना ७९पैकी ३२ चॅनेलवर हाका मारल्या जातात, आणि शांत हवेतही सगळ्यांची उत्तरं हमखास यायला १०.२४ सेकंद लागू शकतात. चौथ्या सेकंदाला वैतागून मागे गेलं तर पहिल्यापासून सुरुवात. यादीत सारख्या नावाचे दोन साउंडबार दिसले तर दुसरा शेजाऱ्यांचा. नावं सारखी असली तरी प्रत्येकाचा ४८ बिटचा पत्ता वेगळा असतो, आणि असे पत्ते आहेत २८१ लाख कोटी. जगातल्या प्रत्येक माणसाला पस्तीस हजार वाटता येतील. वर्षाला ५०० कोटी उपकरणं निघत राहिली तरी छप्पन्न हजार वर्षं पुरतील. पत्ते संपणार नाहीत, चॅनेल मात्र संपलेत. आपल्या साउंडबारला स्वतंत्र नाव द्या, म्हणजे घोळ मिटेल.

हे सगळं करूनही हेडफोन दिसतच नसेल, तर एक शक्यता उरते. काही टीव्हींमधलं ब्लूटूथ फक्त रिमोटसाठी असतं. आवाज पाठवायला लागणारा ‘एटूडीपी’ नावाचा शिष्टाचार त्यांना शिकवलेलाच नसतो. डब्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. अशा टीव्हीला बाहेरून ट्रान्समीटर जोडण्यावाचून इलाज नाही. आणि टीव्ही रिस्टार्ट करायचा म्हणजे रिमोटने बंद करणं नव्हे. तेव्हा तो नुसता डुलकी घेतो. प्लग काढून मिनिटभर थांबायचं.

२०२२ मध्ये ब्लूटूथच्या आवाजाची नवी पद्धत, एलई ऑडिओ, पूर्ण झाली. कमी उशीर, कमी बिटमध्ये बरा आवाज, आणि एकाच टीव्हीवरून हव्या तितक्या हेडफोनना एकदम प्रक्षेपण, हे सगळं तिच्यात आहे. नवा टीव्ही घेताना ती आहे का हे जरूर विचारा, पण हेडफोनलाही ती कळायला हवी. आणि एक ध्यानात ठेवा: पट्टी तीच आहे, साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झची.

साउंडबारपुरता एक जुना, बिनबोभाट उपाय मात्र आजही हाताशी आहे. १९९८ मध्ये ब्लूटूथची संघटना काढणाऱ्या पाचांतल्या तोशिबानेच १९८३ मध्ये ऑप्टिकल केबल बाजारात आणली होती, आणि आजही पुष्कळ टीव्हींच्या पाठीला तिचं चौकोनी भोक असतं. बेंगळुरूच्या एस.पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती मिळते. तिच्यातून आवाज लाल प्रकाशावर स्वार होऊन जातो. त्या प्रकाशाची कंपनसंख्या ब्लूटूथच्या जवळपास दोन लाख पट आहे, आणि त्या पट्ट्यात दुसरा भाडेकरू एकही नाही.